साडेतीन तासांचे एकतीस तास

मुलांनो, शिक्षकांचं गणित कधी चुकतं का? चुकतं, बरं का! माझं चुकलं. तेही साधंसुधं नाही. चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला त्या चुकीपायी भर स्नेहसंमेलनात रडू आलं. त्या चुकीची ही गोष्ट. तिचं खरं नाव सांगितलेलं तिला आवडणार नाही, म्हणून आपण तिला नुसतं 'छोटी' म्हणू.

छोटीचे पप्पा फौजेत आहेत. आमच्या कोल्हापूर भागात फौजी नसलेलं गाव शोधावं लागेल. तेव्हा पप्पांची नेमणूक होती पार आसामात, दिब्रुगडच्या बाजूला. डिसेंबर महिना होता. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेचं स्नेहसंमेलन, आणि छोटीचा त्यात नाच. पप्पांना रजा मिळाली. यावेळी ते रेल्वेनं न येता विमानानं येणार होते. शनिवारीच पहाटे छावणीतून निघणार होते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत छोटी माझ्या टेबलाशी आली.

"बाई, दिब्रुगडहून कोल्हापूरला विमानाला किती वेळ लागतो ओ?"

मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. प्रमाण बघितलं, भागाकार केला आणि झटकन सांगून टाकलं, "साधारण साडेतीन तास. सकाळी निघाले तर दुपारी जेवायला घरी!"

छोटी उड्या मारतच गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढणी टाकून धरून ठेवली. "हितं पप्पा बसणार हाईत," असं येईल त्याला सांगत होती. पाच वाजले, सहा वाजले. तिचा नाच झाला. खुर्ची रिकामीच. नाच संपल्यावर पडद्यामागं येऊन ती म्हणाली, "बाई, तुम्ही साडेतीन तास म्हणला होता."

मला काय उत्तर द्यावं तेच कळेना. पप्पा आले ते दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी एक वाजता. छावणीतून निघाल्यापासून मोजले तर एकूण एकतीस तास!

मग माझे साडेतीन तास कुठं चुकले? सोमवारी आम्ही अख्ख्या वर्गानं मिळून ते शोधलं. चला, तुम्हीही या शोधायला.

दोरा आणि पृथ्वीगोल

आधी अंतर बघू. कोल्हापूरचा विमानतळ आहे उजळाईवाडीला. तो १९३९ साली, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झाला. दिब्रुगडचा विमानतळ मोहनबारी इथं आहे, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, चहाच्या मळ्यांच्या मुलखात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, आसामातल्या अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला सामान पोचवणारी विमानं उडत. म्हणजे दोन्ही विमानतळ तुमच्या आजी-आजोबांच्याही आधीचे!

वर्गातला पृथ्वीगोल घेतला. एक दोरा कोल्हापुरावर धरला आणि दुसरं टोक दिब्रुगडवर ताणून धरलं. गोलावर दोन गावांमधला ताणलेला दोरा म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात जवळची वाट. भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी गोल. त्यामुळे लांबच्या अंतरांना नकाशावरची पट्टी फसवते. अमेरिकेसारख्या दूरच्या देशाला जाणारी विमानं नकाशावर उगीचच उत्तरेला वाकून गेल्यासारखी दिसतात. दोरा लावला की कळतं, ती वाकडी नसून जवळच्या वाटेनं गेलेली असतात! आपल्या दोन गावांच्या बाबतीत मात्र हा फरक अगदी थोडा पडतो.

मग आम्ही एक गंमत केली. नकाशाच्या पुस्तकात प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश असतात. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर आणि ७४.३ अंश पूर्व. दिब्रुगड सुमारे २७.५ अंश उत्तर आणि ९५ अंश पूर्व. वजाबाकी करा. दिब्रुगड आपल्यापेक्षा १०.८ अंश उत्तरेला आणि २०.७ अंश पूर्वेला आहे.

उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून उत्तरेला झाले साधारण १,२०० किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आखूड होत जातो, संत्र्याच्या फोडीसारखा. या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात तो सुमारे १०३ किलोमीटरचा भरतो. म्हणून पूर्वेला झाले साधारण २,१३० किलोमीटर.

आता ड्रॉइंगचा मोठा कागद घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर धरा. उजवीकडे २१.३ सेंटिमीटर रेघ ओढा. तिच्या टोकावरून काटकोनात वर १२ सेंटिमीटर जा. आता सुरुवात आणि शेवट जोडून मोजा. जवळजवळ साडेचोवीस सेंटिमीटर! म्हणजेच सुमारे २,४४५ किलोमीटर. मोठ्या वर्गातल्या ताई-दादांना पायथागोरसचा सिद्धांत लावून हेच उत्तर मिळेल. चौथीच्या मुलांना मिळालं ते नुसत्या पट्टीनं!

वाटेत काय काय लागतं?

हा दोरा कशाकशावरून जातो, ते बघताना तर वर्गात एकच गलका झाला. कोल्हापूर सोडलं की सोलापूर. मग लातूर जिल्ह्यातलं उदगीर. थोडा तेलंगणाचा कोपरा कापून पुन्हा आपल्या महाराष्ट्रात, गडचिरोलीजवळ. इथवर सुमारे ७०० किलोमीटर होतात, म्हणजे जेट विमानाचा जवळजवळ तासभर. आपलं राज्य केवढं लांबरुंद आहे बघा!

पुढे छत्तीसगडात रायपूरच्या थोडं खालून दोरा झारखंडात शिरतो. बरोबर अर्ध्या वाटेवर येतं सिमडेगा. हा जिल्हा हॉकीसाठी प्रसिद्ध आहे. मग खुंटी, म्हणजे बिरसा मुंडा यांचा मुलूख. त्यानंतर पश्चिम बंगालमधलं पुरुलिया, मग चक्क परदेश, बांगलादेशाचा उत्तर भाग! तिथून मेघालयाच्या डोंगरांवरून गुवाहाटीजवळ, आणि तिथून एकशिंगी गेंड्यांच्या काझीरंगावरून थेट दिब्रुगड.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. विमानं अगदी या दोऱ्यावरून जात नाहीत. आकाशातही ठरलेले मार्ग असतात, वळणं असतात. म्हणून उडालेलं अंतर दोऱ्यापेक्षा नेहमी थोडं जास्तच भरतं.

ताशी आठशे, अधिक अर्धा तास

आता वेळ काढू. मोठं जेट विमान उंचावर पोचलं की ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगानं जातं. पण ते उडाल्याबरोबर त्या वेगानं पळत नाही. चढायला वेळ लागतो, उतरायला लागतो, धावपट्टीपर्यंत रांगत जायलाही लागतो. म्हणून एक सोपा नियम करू. अंतराला ८०० नं भागायचं आणि वर अर्धा तास मिळवायचा.

नियम बरोबर आहे का, ते मुंबई-दिल्लीवर तपासू. सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. भागाकार आला साधारण एक तास पंचवीस मिनिटं. त्यात अर्धा तास मिळवला की दोन तासांना पाच मिनिटं कमी. वेळापत्रकात दोन-सव्वादोन तास दिसतात. म्हणजे नियम चालण्यासारखा आहे.

मग कोल्हापूर-दिब्रुगड? २,४४५ भागिले ८०० म्हणजे तीन तासांच्या किंचित वर, अधिक अर्धा तास. साडेतीन तास! म्हणजे माझा भागाकार बरोबर होता. तरी उत्तर चुकलं. का?

वर्गातला एक मुलगा मागच्या बाकावरून ओरडला, "बाई, पण तसं विमानच नाही की!"

अगदी बरोबर बोलला तो. कोल्हापूरहून दिब्रुगडला थेट विमानच नाही. आणि नसलेल्या विमानाचा वेळ मी छोटीला सांगून बसले होते!

विमानांचा मोठा स्टँड

थेट विमान का नाही? आपल्या एस.टी.चं बघा. एखाद्या वाडीवरून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या वाडीला थेट गाडी नसते. आधी मोठ्या स्टँडवर यायचं, तिथं गाडी बदलायची. कारण त्या दोन वाड्यांमध्ये रोज गाडीभर माणसं जात-येत नाहीत. विमानाचंही तसंच. रोज दीडशे माणसं कोल्हापूरहून दिब्रुगडला निघाली असती तर थेट विमान परवडलं असतं. तेवढी ती नसतात. म्हणून हैदराबाद, कोलकाता, मुंबई, दिल्ली हे विमानांचे मोठे स्टँड. लहान गावांची माणसं तिथं गोळा होतात आणि पुढच्या विमानात बसतात. लहान शहरं विमानानं जोडावीत म्हणून सरकारनं २०१६ साली 'उडान' योजना आणली. तरी बहुतेक लहान विमानतळांवरून आधी मोठ्या शहरालाच जावं लागतं.

पप्पा आले ते दिब्रुगड ते कोलकाता, कोलकाता ते हैदराबाद आणि हैदराबाद ते कोल्हापूर असे. आम्ही तिन्ही तुकडे मोजले.

दिब्रुगड ते कोलकाता सुमारे ८५० किलोमीटर.
कोलकाता ते हैदराबाद सुमारे १,२१० किलोमीटर.
हैदराबाद ते कोल्हापूर सुमारे ४४५ किलोमीटर.

बेरीज करा पाहू! २,५०५ किलोमीटर. आणि सरळ दोरा किती होता? २,४४५. फरक फक्त ६० किलोमीटर! म्हणजे उजळाईवाडीहून निपाणीला जाऊन परत येण्याहून कमीच.

मीसुद्धा चकित झाले. तीन तुकडे करूनही अंतर वाढलंच नाही म्हणा ना! मुंबई-दिल्लीवरून गेलं असतं तर मात्र ३,२०० किलोमीटर झाले असते. म्हणजे पप्पांची वाट काही लांबची नव्हती.

पण वेळ? प्रत्येक तुकड्याला चढण्या-उतरण्याचा अर्धा तास नव्यानं लागतो. एकदाचा अर्धा तास तीनदा! शिवाय हैदराबाद-कोल्हापूर या जवळच्या अंतराला पंख्याचं लहान विमान होतं. त्यात सत्तरेक माणसं बसतात आणि ते ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगानं जातं. सगळं मिळून साडेतीनाचे पाच तास झाले.

वारा कुणाच्या बाजूनं?

यात आणखी एक लबाड पाहुणा आहे, तो म्हणजे वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला 'जेट प्रवाह' म्हणतात. सायकल चालवताना वारा पाठीमागून असला तर कसं सोपं जातं आणि समोरून असला तर कशी दमछाक होते? अगदी तसंच.

उदाहरण म्हणून धरा, वाऱ्याचा वेग वाटभर ताशी १०० किलोमीटर आहे. आसामकडे जाताना विमानाचे ८०० चे होतील ९००. परत येताना होतील ७००. २,४४५ किलोमीटरला जाताना लागतील पावणेतीन तास आणि येताना साडेतीन. तेच अंतर, तेच विमान, आणि पाऊण तासाचा फरक! म्हणून वेळापत्रकात जाण्याचा आणि येण्याचा वेळ पुष्कळदा वेगवेगळा असतो. छोटीचे पप्पा येत होते पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर.

घड्याळ एक, सूर्य दोन

शुक्रवारी संध्याकाळी साडेचारला छोटी पप्पांशी फोनवर बोलत होती. पप्पा म्हणाले, "इथं दिवस मावळला बघ." आणि आपल्या अंगणात तर लख्ख ऊन! छोटीला वाटलं, पप्पा चेष्टा करतात.

चेष्टा नाही, भूगोल आहे! पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. कोल्हापूर आणि दिब्रुगड यांच्यात रेखांशाचे २०.७ अंश आहेत. गुणिले ४ म्हणजे ८३ मिनिटं. तिकडे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे ८३ मिनिटं आधी डोक्यावर येतो. त्यात डिसेंबरात उत्तरेकडे दिवस आणखी लहान. म्हणून दिब्रुगडला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, आणि कोल्हापूरला सहा वाजून गेल्यावर.

पण घड्याळ दोन्हीकडे एकच. साऱ्या भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. तो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. आसामच्या चहामळ्यांत मात्र इंग्रजांच्या काळापासून एक वेगळी वेळ पाळतात, घड्याळाच्या एक तास पुढे. तिला 'बागान टाइम' म्हणतात. उजेड असतानाच काम उरकावं, हा त्यातला हिशेब.

एकतीस चौकोन

सोमवारी पप्पा स्वतः शाळेत आले. आम्ही त्यांना प्रवासाच्या सगळ्या वेळा विचारल्या आणि फळ्यावर मांडल्या.

शनिवारी सकाळी ६ वाजता छावणी सोडली. ८ वाजता विमानतळ. १० चं विमान धुक्यामुळे साडेबाराला उडालं. २ वाजून १० मिनिटांनी कोलकाता. पण पुढचं विमान दीड वाजताच निघून गेलेलं! मग रात्री ८ चं विमान, सव्वादहाला हैदराबाद. कोल्हापूरचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता. ११ वाजून २० मिनिटांनी कोल्हापूर. गावी घरात पाऊल ठेवलं तेव्हा दुपारचा एक.

मुलांनी चौकटीच्या वहीत एका तासाला एक असे एकतीस चौकोन आखले. विमान उडत होतं ते तास निळे रंगवायचे, रस्त्यावरचे तास तपकिरी आणि थांबण्याचे कोरे ठेवायचे. काय निघालं असेल? निळे फक्त पाच! तपकिरी जेमतेम चार. आणि कोरे बावीस!

छोटी वहीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पप्पा येत नव्हतेच, नुसते बसलेलेच होते!"

सगळा वर्ग हसला. पप्पाही हसले. मग म्हणाले, "बसलो होतो खरं, पण घड्याळाकडं बघत बसलो होतो. पाच वाजले तेव्हा मी कोलकात्यात होतो. आता तुझा नाच सुरू झाला असेल, असं म्हणत होतो."

छोटी काही बोलली नाही. मुलींनी बाक मागं सरकवले. ढोलकी नव्हती, तर बाकावर ठेका धरला. पप्पा पहिल्या बाकावर गुडघे मुडपून बसले, आणि छोटीनं आपला नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत केला. मध्ये एक गिरकी चुकली. कुणी काही म्हटलं नाही.

तुम्हीही करून पाहा

मुलांनो, तुमच्या घरचं कुणी लांब आहे का? दादा शिकायला, काका नोकरीला, आत्या सासरी? मग दोरा, पट्टी आणि चौकटीची वही घ्या. आधी सरळ अंतर काढा. त्याला ८०० नं भागून अर्धा तास मिळवा. हा झाला आकाशातला वेळ. मग विचारा, थेट विमान आहे का? किती ठिकाणी बदलायचं? मध्ये किती थांबायचं? विमानतळावर किती आधी जायचं, आणि विमानतळापासून घर किती लांब? हे सगळं मिळवलं की येईल तो दारापासून दारापर्यंतचा वेळ. घरी वाट बघणाऱ्या माणसाला हाच वेळ सांगायचा असतो.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मूल "कधी येणार?" असं विचारतं तेव्हा आपण त्याला बरं वाटेल असं उत्तर देतो. मीही तेच केलं. त्यापेक्षा वही काढून त्याच्याबरोबर हिशेब मांडावा. उत्तर थोडं लांबचं आलं तरी ते मुलाला कळतं, आणि कळलं की वाट बघणंही सोपं जातं.

महिन्याभरानं पप्पा परत निघाले. त्या दिवशी छोटी शाळेत आली ती वही घेऊनच. आज्जीला तिनं घरीच सांगून ठेवलं होतं, "आज फोनची वाट बघू नको. मधी दोन ठिकाणी बदलायचंय. उद्या सकाळी पोचल्यावर करतील."

आणि मग हळूच मला म्हणाली, "बाई, जाताना वारा पाठीमागून हाय न्हवं?"